सहा कोंबड्यांचा पंक्तिप्रपंच

कोंबडी शिंकते, हे काटेसाहेबांना वयाच्या पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे त्यांचं काही अडलंही नव्हतं. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत निरीक्षक होते. दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे आणि बरोबर निघाले तर त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. म्हणून सगळी कॉलनी त्यांना काटेसाहेब म्हणायची. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. साखरपुड्याची अंगठीसुद्धा त्यांनी आधी तळहातावर तोलून पाहिली आणि मगच बोटात घालून घेतली, असं त्यांची बायको सांगते. ते स्वतः ही गोष्ट नाकारतात, पण फार जोर लावून नाही.

शिंकलेली कोंबडी त्यांची नव्हती, सासऱ्यांची होती. सासरे म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहायचे. लेकीने विनवण्या केल्या, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, तेव्हा कुठे ते जावयाकडे यायला तयार झाले. आणि आले ते एक पत्र्याची ट्रंक, एक शिट्टी आणि सहा कोंबड्या घेऊन. ट्रंक अपेक्षित होती. शिट्टीचंही समजण्यासारखं होतं. कोंबड्यांबद्दल मात्र आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

कॉलनीच्या सेक्रेटरींनी कोंबड्यांना मागच्या अंगणात राहायची परवानगी दिली, पण कोंबडा आणायचा नाही, असं काटेसाहेबांकडून लिहून घेतलं. सेक्रेटरी विमा कंपनीतून निवृत्त झालेले. न झालेल्या अपघातांचा विचार करण्यात त्यांची उभी हयात गेलेली. पहाटे कोंबडा आरवेल, कोणीतरी दचकून पलंगावरून पडेल, मग भरपाई कोणी द्यायची, इथपर्यंत त्यांचा विचार झालेला होता. काटेसाहेबांनी निमूट सही केली.

ड्रिलमास्तरांनी कोंबड्यांना नावं दिली होती ती शाळेतलीच. सगळ्यांत पुढे असायची ती मॉनिटर. मग हुशार आणि चहाडखोर. दाणे संपत आल्यावर धावत यायची ती लेटलतीफ. शेवटी विकत घेतलेली नवीन ॲडमिशन. आणि भिंतीकडे तोंड करून उगाच उभी राहायची ती ढ. सकाळी मास्तर अंगणात येऊन एक शिट्टी मारायचे, की सहाही जणी धावत येऊन रांगेत उभ्या. "एका शिट्टीत सगळे," ते म्हणायचे. "एकालाही वगळून मी जन्मात शिट्टी वाजवली नाही."

सासरे-जावयात बोलणं बेताचंच होतं. "आज उकडतंय," असं एकाने म्हणायचं, "हो, वारा नाही," असं दुसऱ्याने, आणि दोघांनी आपापल्या वर्तमानपत्रात डोकं घालायचं. पण खरं सांगायचं तर काटेसाहेबांना ते माणूस घरात हवंहवंसं झालं होतं. सकाळची शिट्टी झाली की त्यांना बरं वाटायचं. हे सांगावं कसं, हे मात्र त्यांना कळत नसे, म्हणून एकदा त्यांनी मास्तरांच्या डुगडुगणाऱ्या स्टुलाचे पाय न सांगता सारखे करून ठेवले होते. मास्तरांनीही न विचारता त्या स्टुलावर बसायला सुरुवात केली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ढ शिंकली. तीही नेमकी सेक्रेटरी चहाचा कप घेऊन कुंपणापाशी उभे असताना.

एवढंच झालं असतं तर काटेसाहेबांनी वेळ मारून नेली असती. पण त्याच आठवड्यात, शेजारधर्म म्हणून सेक्रेटरींच्या बायकोला पाठवलेल्या अंड्यांत लेटलतीफचं एक अंडं असं निघालं की त्याला कवचच नव्हतं. नुसती पातळ पिशवी. ती बाईंच्या हातात फुटली आणि पिवळा बलक सेक्रेटरींच्या नव्या चपलेवर सांडला. सेक्रेटरी तसेच एका पायात चप्पल घालून आले. "आज कोंबडी शिंकते, अंड्याला कवच नाही. उद्या कॉलनी शिंकेल, तेव्हा काय करायचं?" ते म्हणाले, आणि सभा बोलावतो, असं सांगून लंगडत गेले.

त्या संध्याकाळी ड्रिलमास्तरांनी माळ्यावरून ट्रंक खाली काढली, पुसली आणि खोलीच्या कोपऱ्यात उघडी करून ठेवली. "मी कोणाला अडचण करत नसतो," ते म्हणाले. "कोंबड्या जिथे जातील तिथे मी." आवाज चढवला नाही, की चेहरा पाडला नाही. चार सदरे नीट घड्या करून ट्रंकेत ठेवले आणि वर्तमानपत्र उघडलं.

स्वयंपाकघरात बायको नवऱ्याला म्हणाली, "हे बघा, बाबा गेले तर मी तुम्हाला काहीही बोलणार नाही." लग्न झाल्यापासून ती काही बोलली नाही असा एकच प्रसंग होता, आणि त्याची आठवण काटेसाहेबांना आजही नकोशी वाटत असे.

दुसऱ्या दिवसापासून काटेसाहेबांनी कोंबडीची प्रतिकारशक्ती हा विषय हाती घेतला, किंवा त्या विषयाने त्यांना हाती घेतलं म्हणा. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने ऐकून घेण्याआधीच सांगितलं, "कॅल्शियम कमी आहे, साहेब. कवच म्हणजे दुसरं काय?" काटेसाहेब शिंपल्यांचा चुरा घेऊन घरी निघाले, तर वाटेत पहिलवान भेटले. हे खरं तर बँकेतले निवृत्त मॅनेजर. पण निवृत्तीनंतर व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून त्यांना बाकीच्या जगाचे दंड बारीक वाटायला लागले होते. "कॅल्शियम?" ते ओरडले. "कॅल्शियम जास्त झालं की जस्त अंगी लागत नाही. जस्त नाही तर प्रतिकारशक्ती कसली? झिंक द्या, झिंक!" आणि खिशातून स्वतःची गोळ्यांची बाटली काढून त्यांनी काटेसाहेबांच्या हातात कोंबली.

काटेसाहेब जस्त घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाच्या मेहुण्याचा कोंबडीपालनाचा धंदा होता. कारकुनाने मेहुण्याला फोन लावून दिला. मेहुणा म्हणाला, जस्त जास्त गेलं की तांबं कमी पडतं. तांब्याचं बघावं तर लोह बिघडतं. खरी गंमत सेलेनियममध्ये आहे, सोबत ई जीवनसत्त्व हवं. पण सेलेनियम चिमटीभरसुद्धा जास्त झालं तर कोंबडी जाते. "जाते म्हणजे कुठे?" काटेसाहेबांनी विचारलं. मेहुण्याने थोडा वेळ विचार करून फोन ठेवला.

संध्याकाळी अंगणात उभं राहून काटेसाहेब ढकडे बघत होते. कॅल्शियम द्यावं तर जस्त जातं, जस्त द्यावं तर तांबं जातं, आणि काहीच न द्यावं तर सासरे जातात. ढ भिंतीकडे बघत होती. निदान तिचं तरी काही ठरलेलं होतं.

शेवटी ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "किती पक्षी?"

"सहा."

"सहाशे?"

"सहा. एक, दोन, तीन..."

बाबूने पेन खाली ठेवलं. "साहेब, आमच्याकडे शंभराच्या वर असेल तर कुक्कुटपालन. त्याखाली रकाना नाही. सहा कोंबड्या म्हणजे सरकारी दृष्टीने कोंबड्याच नाहीत."

"मग त्या काय आहेत?"

"ते तुम्ही बघा. मी तुम्हाला लहान जनावरांत घालू शकतो, पण मग त्यांना पट्टा बांधून आणावं लागेल."

काटेसाहेब स्वतः सरकारी नोकर. समोरच्या माणसाला नियमात कसं अडकवायचं, याची जाण त्यांना होती. पण आपण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला असलो की तोच नियम किती वेगळा दिसतो, हे त्यांना त्या दिवशी नव्याने कळलं. त्यांचा चेहरा पाहून आतून डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. तरुण, पण बोलायला खणखणीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि सांगितलं की कोंबड्यांना होणाऱ्या मानमोडी रोगाची लस देऊन टाकू, मी स्वतः येते. खनिजांचं तयार मिश्रण मिळतं, ते ठरल्या मापात खाद्यातून द्या, त्याने कवचही सुधारतं आणि लसही चांगली लागू होते. "फक्त वरून आणखी काही घालू नका. शेजारीपाजारी सांगतील ते तर मुळीच नाही. आणि लोकांना पुरावाच हवा असेल तर लसीनंतर रक्त तपासता येतं. किती प्रतिकारशक्ती तयार झाली, त्याचा आकडा येतो."

आकडा येतो, हे ऐकून काटेसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

पण सभेत काटेसाहेबांनी हे सगळं सांगितलं, तेव्हा सेक्रेटरींनी तोच धागा पकडला. "खनिजांनी प्रतिकारशक्ती वाढते म्हणता, कशावरून? विम्यात आम्ही असं ऐकून घेत नसू. तीन कोंबड्यांना द्या, तिघींना देऊ नका. मग रक्त तपासा. खनिजवाल्यांचा आकडा वर आला तर कोंबड्या राहतील. नाही आला, तर बाहेर." इथे काटेसाहेबांनी पहिली चूक केली. समोरच्याच्या पारड्यात प्रमाण वजन ठेवून बघायचं, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं. खनिजं न दिलेला साधा गट म्हणजे प्रमाण वजनच की! ते उत्साहाने उभे राहून म्हणाले, "मंजूर. अगदी शास्त्रीय आहे." सभेने टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "तिघींना द्यायचं नाही?"

"प्रयोग आहे, बाबा. शब्द दिलाय मी."

"शब्द दिलाय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून ट्रंकेत सदऱ्यांवर ठेवली. कारण आता अंगणाच्या मधोमध तारेची जाळी लागणार होती, आणि शिट्टी वाजली असती तर सहा जणी धावल्या असत्या आणि त्यातल्या तिघी जाळीवर आपटल्या असत्या.

चिठ्ठ्या टाकून गट पडले. खनिज गटात मॉनिटर, हुशार आणि चहाडखोर. साध्या गटात लेटलतीफ, नवीन ॲडमिशन आणि ढ. डॉक्टरीणबाईंनी येऊन सहाही जणींना लस टोचली आणि प्रयोग सुरू झाला. काटेसाहेबांनी सोनाराकडचा नाजूक काटा उसना आणला. रोज सकाळी पंखा बंद करून, श्वास रोखून ते मिश्रणाची पूड तोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांना स्वतःलाच शिंक आली आणि खनिजं भिंतीवरच्या घड्याळापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी हुशारने नुसते दाणे टिपले आणि पूड तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पूड कणकेच्या गोळीत घालून हाताने भरवायला घेतली, तर मॉनिटरने गोळी सोडून बोट पकडलं. औषधवाल्याने धनुर्वाताचं इंजेक्शन देता देता विचारलं, "कॅल्शियम चालू केलं की नाही?"

मिश्रणाच्या डब्याला काटेसाहेबांनी कचेरीतल्यासारखं शिशाचं सील लावलं होतं. फाटकावर पाटी होती, ती त्यांच्या सुवाच्य अक्षरात: 'साधा गट. या कोंबड्यांना कोणीही काहीही घालू नये.' इथे दुसरी चूक झाली. त्या पाटीमुळे आजवर ज्यांना या कोंबड्यांशी काही देणंघेणं नव्हतं, तेही थांबून वाचायला लागले, आणि वाचून झालं की जाळीपलीकडे बघायला लागले. जाळीपलीकडे तिघी उभ्या असायच्या. पलीकडच्यांना गोळ्या भरवल्या जात असताना त्या माना वाकड्या करून बघायच्या. नवीन ॲडमिशन तर तारेतून चोच बाहेर काढून उभीच राहायची. लोक हळहळत पुढे जायचे. निदान काटेसाहेबांची अशी समजूत होती, की पुढे जायचे.

मास्तर स्टुलावर बसून सगळं पाहायचे. शिट्टीविना सकाळ घरात कशीतरीच वाटायची. काटेसाहेब दाढी करता करता अधूनमधून थांबायचे, आणि आपण का थांबलो, ते त्यांना कळायचं नाही.

यथावकाश रक्ताचे नमुने घ्यायचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी पंखाखालची शीर शोधून चार कोंबड्यांचं काम बिनबोभाट उरकलं. चहाडखोरने मात्र अख्ख्या कॉलनीला ओरडून सांगितलं, आणि हुशार हातातून निसटून सेक्रेटरींच्या गाडीच्या टपावर जाऊन बसली. तिला उतरवायला पहिलवान चढले. टपाला त्यांच्या गुडघ्याचा पोचा पडला. सेक्रेटरींनी तो मोबाइलवर चार बाजूंनी टिपून घेतला. विमा होताच, पण पहिलवान गाडीवर चढल्यास, असं कलम त्यात नव्हतं.

निकाल ऐकायला सभा भरली तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. काटेसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मास्तर मागच्या रांगेत ताठ बसले होते. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाल्या, "सहाही कोंबड्यांची प्रतिकारशक्ती उत्तम आहे. पण एक गोष्ट मला समजत नाही. ज्यांना खनिजं दिली नाहीत, त्यांचे आकडे जास्त आहेत."

काटेसाहेबांना वाटलं, आपण गटांची नावं उलट ऐकली. मग वाटलं, डॉक्टरीणबाईंनी उलट वाचली. मग वाटलं, जाळीच्या कोणत्या बाजूला आपण उभे होतो, हेच आपल्याला आठवत नाही.

"म्हणजे खनिजांनी उलट नुकसानच झालं!" सेक्रेटरी उभे राहिले. "ठरावाप्रमाणे कोंबड्या..."

"अहो, थांबा," शेजारून त्यांची बायको म्हणाली. "मी घालत होते."

"काय घालत होतीस?"

"शिंपल्यांचा चुरा. कुंपणातून. त्या तिघींना. मग काय करणार? तिघींना घास भरवायचा आणि तिघींनी नुसतं बघायचं! हा कसला पंक्तिप्रपंच? आपल्या दारात कोणी असं जेवायला वाढलेलं मी पाहिलं नाही."

सेक्रेटरी जे बसले, ते अर्धवटच बसले. तेवढ्यात पहिलवान घसा खाकरून म्हणाले, की झिंक तेही टाकत होते. फिरायला जाताना, सहज. औषधवाला म्हणाला, की त्याने जीवनसत्त्वांचे थेंब पाण्यात घातले होते, पण फक्त साध्या गटाच्या पाण्यात, म्हणजे प्रयोगाला धक्का लागू नये म्हणून. काटेसाहेब एकेकाकडे बघत होते. जन्मभर ज्यांनी खोटी वजनं वापरणारे शेकडो दुकानदार पकडले, त्यांच्या स्वतःच्या अंगणात सगळी कॉलनी पारड्यावर हात ठेवून उभी होती.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको पदराशी चाळा करत होती.

"तू सुद्धा?"

"दुपारी," ती म्हणाली. "तुम्ही कचेरीत गेल्यावर. तुमच्याच डब्यातलं. बूड उचकटून घेत होते, सील नाही तोडलं."

काटेसाहेबांना कोणीतरी भर बाजारात आपला शिक्का हिसकावून घेतल्यासारखं झालं. काहीतरी कडक बोलायला ते उभे राहिले, आणि तसेच उभे राहिले. कारण त्याच वेळी त्यांना एक रविवार आठवला. घरात कोणी नव्हतं. ढ भिंतीकडून वळली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. फक्त बघत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहून एक कणकेची गोळी जाळीवरून टाकली होती. पुढच्या रविवारीही. न तोलता.

ते खाली बसले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला होता. "म्हणजे चुरा, झिंक, थेंब आणि मिश्रण, सगळं त्या तिघींच्या पोटात? मी काय सांगितलं होतं? अहो, प्रमाण चुकलं असतं तर मेल्या असत्या त्या! आणि या कागदाचा आता काही उपयोग नाही, यातून काहीही सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येईल की इतक्या जणांचे सल्ले पोटात जाऊनही त्या जिवंत आहेत. याहून मोठी प्रतिकारशक्ती मी अजून पाहिलेली नाही."

"आणि मास्तर?" कोणीतरी विचारलं. "मास्तरांनी काय घातलं?"

सगळ्या माना मागे वळल्या. मास्तर उभे राहिले, शाळेत राहावं तसे, टाचा जुळवून.

"मी काही घातलं नाही," ते म्हणाले. "शिट्टीही वाजवली नाही. जावईबापूंनी शब्द दिला होता."

काटेसाहेबांनी मान खाली घातली. ज्यांच्या कोंबड्या, ज्यांचं सगळं जाणार होतं, त्या एकट्या माणसाने त्यांचं सील मानलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं, आणि दोन्हीतलं जास्त काय, ते काही त्यांना ठरवता येईना.

सेक्रेटरींनी ठराव पुन्हा वाचला. खनिजवाल्यांचा आकडा वर आला तर ठेवायच्या, नाही तर बाहेर, असं त्यात होतं. फरक उलटा दिसला, आणि तो आपल्याच बायकोने पाडलेला असला तर काय करायचं, याबद्दल काही नव्हतं. बायकोकडे न बघता त्यांनी ठरावाची घडी घातली. मग म्हणाले, "विषय पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब." सगळे उठून चहाकडे गेले.

घरी येताना काटेसाहेब म्हणाले, "बाबा, राहिल्या की कोंबड्या."

"तहकूब झाल्या," मास्तर म्हणाले. "तहकूब म्हणजे टांगणीला. पुढच्या वर्षी पुन्हा ढला उभं करतील. तुम्हाला माझ्यापायी किती वेळा मान खाली घालायला लावायची? मी उद्या निघतो." बायको दोघांच्या मधून चालत होती. ती काहीही बोलली नाही.

काटेसाहेबांनी त्याच पावली अंगणात जाऊन मधली जाळी उपटून काढली. शर्टाची बाही फाटली, बोटाला तार लागली. जाळी गुंडाळत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. 'बाबा, तुम्ही राहावं असं मला वाटतं,' हे एवढं साधं वाक्य. पण ते कुठून उचललं तरी एका बाजूला कलायचं. शेवटी तसंच अर्धवट वाक्य घेऊन ते सासऱ्यांच्या खोलीत शिरले.

मास्तर ट्रंकेसमोर स्टूल घेऊन बसले होते. ट्रंक उघडी होती. आत घडी केलेले सदरे, आणि सदऱ्यांच्या मधोमध, पिसं फुलवून, दुप्पट मोठी झालेली लेटलतीफ बसली होती. इतके दिवस उघड्या असलेल्या त्या ट्रंकेपर्यंत ती आज, सभेच्या गडबडीत, जाळीखालून वाट काढून पोचली होती. नेहमीसारखी सगळ्यांत उशिरा.

"खुडूक झालीय," मास्तर म्हणाले. "माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर बसलीय. खाली अंडं आहे. चांगलं कडक कवचाचं, मी हात लावून पाहिलं. शिट्टीही खालीच आहे. पुन्हा हात घातला तर चावते."

"मग आता?"

"आता काय? खुडूक कोंबडीला उठवू नये." मास्तरांनी जावयाकडे बघायचं टाळलं. "पिल्लं बाहेर आली की निघतो."

काटेसाहेबांनी तोंड उघडलं. अंगणात कोंबडा नव्हता. कधीच नव्हता. नसल्याचं त्यांनी स्वतः सही करून दिलेलं होतं. अशा अंड्यातून आज ना उद्या, कधीही, काहीही बाहेर येणार नव्हतं. आणि जन्मभर कोंबड्या पाळलेल्या माणसाला हे माहीत नसणं शक्य नव्हतं. मास्तर ट्रंकेकडेच बघत होते. पण त्यांचा एक कान, उत्तर बरोबर आलं की चूक, हे कळायची वाट बघणाऱ्या मुलासारखा जावयाकडे लागलेला होता.

काटेसाहेबांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"घाई करू नका, बाबा," ते म्हणाले. "तिला बसू दे सावकाश."

दारात बायको उभी होती. हातात वडिलांसाठी उद्याच्या प्रवासाची म्हणून काढलेली पिशवी होती. तिने एकदा कोंबडीकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि मग बराच वेळ नवऱ्याकडे.

"किती दिवस लागतील पिल्लं यायला?" तिने विचारलं.

"ते काही मोजता येत नाही," काटेसाहेब म्हणाले.